पाठमोऱ्या आक्का

प्रश्न विचारला की आक्का पाठ फिरवायच्या. भाजीवालीला "मेथी कशी दिली?" म्हणतील आणि रस्त्याकडं बघत उभ्या राहतील. माझ्या थोरल्याला "पाटी कुणी फोडली?" विचारतील आणि वळून खुंटीवरच्या छत्रीकडं बघत थांबतील. उत्तर यायला कितीही वेळ लागो, त्या वळत नसत. नगरच्या आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, परदेशात राहून आल्यात, शिष्ट झाल्यात. मी कधी कुणाला काही सांगितलं नाही. ही सवय त्यांना माझ्या स्वयंपाकघरात लागली होती.

आक्का म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण, प्रयाग. घर पारनेरकडचं, कोरडवाहू शेतीचं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांचे यजमान गेले. माझे सासरे त्यांना परत घेऊन आले आणि शाळेत घातलं. भावकी हसली तेव्हा म्हणाले, "घरात बसून झिजण्यापरीस पोरगी शाळेत झिजू दे." शिकत शिकत आक्का नगरच्या कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. हे कोर्टात कारकून होते. दोन खोल्यांत आम्ही सगळे एकत्र राहत होतो. आक्का एक ओळ इंग्रजीत वाचायच्या, तिचा अर्थ मराठीत सांगायच्या आणि वर शेतातला एखादा दाखला द्यायच्या. खेड्यातली पोरं त्यांच्या तासाला दाराबाहेर उभी राहून ऐकायची, असं हे सांगत.

मी चौथी शिकलेली. चौथीत असताना डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले आणि मला उभं करून धडा म्हणायला सांगितला. सगळा धडा मला पाठ होता. पण साहेब, गुरुजी, पोरं, सगळेच माझ्या तोंडाकडं बघायला लागले आणि माझी जीभ हलेना. गुरुजी वडिलांना म्हणाले, हिला काही येत नाही. शाळा तिथंच सुटली. सासरी आले तरी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. आक्का म्हणायच्या, "कौसल्ये, तोंडात गुळाचा खडा धरलाय का गं? इरघळंल, बोल की."

ज्या साली गावाकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, त्या साली आक्कांना ते पत्र आलं. आफ्रिकेतल्या एका देशात मोठं विद्यापीठ होतं. देशोदेशीची मुलं तिथं शिकायला येत. त्यांना आधी वर्षभर इंग्रजी शिकवायचं, मग बाकीचे विषय. त्या कामावर आक्कांना घेतलं होतं. पहिले चार महिने पारखण्याचे. जमलं तर तीन वर्षं, नाही तर परत. इथल्या कॉलेजात एवढी रजा मिळेना, म्हणजे नोकरी सोडूनच जावं लागणार होतं.

सगळे पेढे मागत होते आणि आक्का ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होत्या. दुपारी जेवताना म्हणाल्या, "मला इंग्रजी येतं रे. पन शिकवताना मी मराठीच्या काठीनं चालते. तिथं ती काठी न्हाई."

हे हसले. "म्हंजे वर्गात शिव्याबी देता यायच्या न्हाईत तुला."

"शिव्या कळत्यात सगळ्यांना," आक्का म्हणाल्या. "धडा कसा कळायचा, ते सांग."

दुसऱ्या दिवशी हे कोर्टात गेल्यावर आक्का स्वयंपाकघरात आल्या. "आजपासून तू माझा वर्ग. मी मराठीचा एक शब्द काढनार न्हाई." त्यांनी पाटावर लिंबू, चमचा, वाटी, उलथनं मांडलं. एकेक वस्तू उचलून तिचं इंग्रजी नाव सांगायच्या. मग तीच वस्तू माझ्यापुढं धरून इंग्रजीत विचारायच्या, हे काय?

मला नावं येत होती. भांडी घासताना मी ती मनात म्हणत होते. पण आक्का समोर बसायच्या, चष्मा नाकावर ओढून माझ्या ओठांकडं बघायच्या, आणि मला ते डेप्युटीसाहेब दिसायचे. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोक्याला हात लावला. "अगं, भिंत तरी आवाज देती! तू घरची असून बोलंनास, तर तिथली पोरं काय बोलतील? मी जातच न्हाई. कळवून टाकते." चष्मा काढून त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या.

लिंबू त्यांच्या हातातच होतं. कोरडंच होतं, तरी त्या ते पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मला वाटलं होतं आक्का रागावल्यात, पण त्या भ्याल्या होत्या. सगळ्या गावाला धाकात ठेवणाऱ्या आक्कांना भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"लेमन," मी म्हणाले.

आक्का वळल्या नाहीत. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. थोड्या वेळानं त्यांनी हात मागं नेऊन चाचपून चमचा उचलला आणि पाठीमागंच धरला. "स्पून," मी म्हणाले. मग वाटी झाली. मग उलथनं आलं, आणि त्याचं इंग्रजी नाव आक्कांनाच आठवेना. दोघी हसत सुटलो, त्या तिकडं तोंड करून आणि मी इकडं.

खिडकीकडं बघतच त्या म्हणाल्या, "माझंच चुकत हुतं. मी मांजरावानी टपून बसले हुते. उंदीर बाहेर यील कसा?"

महिनाभर आमचा वर्ग चालला. मग एक दिवस ट्रंक, वळकटी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आक्का मुंबईच्या गाडीत बसल्या. खिडकीतून म्हणाल्या, "कौसल्ये, इमानात चटनी नेऊ देत्यात का गं?" जसं काही मी रोज विमानातून जात होते.

त्यांची पत्रं निळ्या पातळ कागदावर यायची. अर्धं यांना, अर्धं मला मोठ्या अक्षरात. पहिल्या दोन पत्रांत तिथली केळी, तिथला बाजार. तिसऱ्यात लिहिलं होतं, "वर्गात वीस मुलं आहेत, नऊ देशांची. एकही बोलत नाही, माना खाली घालून बसतात. आमचे वरचे साहेब मागच्या बाकावर वही घेऊन बसतात आणि माझ्याकडं बघत राहतात. दोनदा सांगून झालं, मुलं बोलली पाहिजेत. आता दीडच महिना उरला आहे."

हे पत्राची घडी घालत म्हणाले, "येती आता परत. हितली जागा तर भरली. काय करंल?"

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या उरकून एकटीच पोस्टात गेले. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "काय पाहिजे बाई?" मी आक्कांचं पत्र पुढं सरकवलं.

"वाचून देऊ का?"

मी मानेनंच नको म्हटलं.

"मग असं पत्र पाठवायचंय? परदेशात?"

मी मान डोलावली. बाबू म्हणाले, "बाई, आतलं तरी तुम्हीच लिहिणार ना?" रांगेतली माणसं हसली. माझे कान तापले, पण निळा कागद घेऊनच मी घरी आले.

पत्ता इंग्रजीत होता. रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं एकेक अक्षर बघून उतरवलं, त्यातच दुपार गेली. आत एकच ओळ लिहिली: आक्का, प्रश्न विचारल्यावर तुम्ही पाठ फिरवता का? माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्र.

उत्तर यायला महिना लागला. सबंध पत्र माझ्या नावानं होतं. "कौसल्ये, साहेब बघतात या धास्तीनं मी मुलांवर टपून बसले होते. तुझं पत्र आल्यावर वर्गात गेले, एक प्रश्न विचारला आणि खिडकीकडं वळले. बाहेर माळी पाणी घालत होता. त्याचे दोन वाफे भिजले. तिसऱ्या वाफ्याला मागच्या बाकावरची, डोक्यावरून रुमाल घेतलेली मुलगी बोलली. मग एक मुलगा बोलला. मी सगळा तास माळ्याकडं बघत काढला. तास संपल्यावर साहेब म्हणाले, मुलांकडं पाठ करायची ही कुठली पद्धत? मी म्हटलं, माझ्या भावजयीची. ते म्हणाले, त्या कुठल्या कॉलेजात शिकवतात? मी म्हटलं, घरीच असतात, माझ्याआधी त्यांना कळलं. साहेबांनी वही मिटली. मी इथंच राहते आहे, तीन वर्षं. चटणी संपली."

यांनी ते पत्र दोनदा वाचलं. माझ्याकडं बघितलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, ते खिडकीकडं वळले. म्हणाले, "काय लिव्हलं हुतंस गं तू?"

तीन वर्षांनी आक्का परत आल्या, दुसऱ्या कॉलेजात लागल्या. गल्लीनं त्यांना शिष्ट ठरवलं, आणि बरीच वर्षं गेली.

शेवटच्या आजारपणात त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, बोलतं करायचा प्रयत्न करा. मग नातलगांनी खाटेभोवती गर्दी केली. "आक्का, मला वळखलं का? बोला की." सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत. आक्कांचे ओठ थरथरत, डोळ्यांतून पाणी येई, पण शब्द येत नसे. दोन दिवस मी ते बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सगळे बाहेर जा." माझा एवढा मोठा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. सगळे मुकाट्यानं गेले.

मी लिंबू घेतलं, खाटेकडं पाठ केली आणि खिडकीशी उभी राहिले.

"आक्का, सरबत करू का?"

लिंबू पिळलं. साखर घातली, ढवळली. समोरच्या गच्चीवर एक बाई वाळलेले कपडे काढत होती. तिनं साड्या काढल्या, मग धोतरं. सगळी दोरी रिकामी झाली. मी ढवळतच होते.

मागून घोगरा, फाटका आवाज आला. "साखर... कमी."

मी वळले नाही. डोळे पुसले आणि दुसरा प्रश्न विचारला.