केवलरामची झोकांडी

भंडाऱ्याकडचा केवलराम खलाशी, म्हणजे उंचावर लोखंड चढवणारा कामगार. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नवी भट्टी उभी राहत होती, आणि हा पठ्ठ्या शंभर फुटांवरच्या गर्डरवरून धानाच्या बांधावरून चालावं तसा चालायचा. १९६५च्या उन्हाळ्यात तोच माणूस कामगारांच्या कॅम्पातल्या सपाट रस्त्यावर झोकांड्या खाऊ लागला. जीभही जड झाली.

लोकांच्या जिभेला हाड नसतं. "पिऊन राहिला," म्हणाले, झालं! छप्पन साली नागपुरात दीक्षा घेताना दारू न पिण्याची प्रतिज्ञा केलेला हा माणूस. दर रविवारी वंदनेत पंचशील तोच सांगायचा. एका रविवारी वस्तीतले थोरले मारोतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "केवलराम, आज तू मांगं बस." तो मागं जाऊन बसला.

बायको शेवंता संतापानं पेटली. पण संशय मोठा चिवट. तो तिलाही चिकटला. केवलराम ड्यूटीवरून आला की ती पाण्याचा गडवा घेऊन उगाच त्याच्या तोंडाजवळ जाई. "चहा मांडू का जी?" वास यायचा तो बिडीचाच. पूर्वी केवलराम आल्याआल्या चूळ भरायचा; आता तसाच तिच्यासमोर बसून राही. तिनं डबा हुंगला, सदरा हुंगला, एकदा भर दुपारी दारूच्या दुकानासमोर तासभर उभी राहिली. काही सापडलं नाही, तरी जीव थाऱ्यावर येईना.

सदऱ्याची बटणंही लागेनात, तेव्हा ती त्याला नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट गालावर गेलं. मग छातीचा फोटो निघाला.

"फुफ्फुसात कॅन्सरची गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "शरीर तिच्याशी लढायला निघालं आणि मेंदूतला तोल सांभाळणारा भागच झोडपत सुटलं, असं आम्हाला वाटतं. दारूचा काही संबंध नाही. तोल मात्र परत येणार नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. शरीरानंही तेच केलं आणि वस्तीनंही.

भिलाईला परतल्यावर मारोतराव घरी येऊन रडले. "येत्या रविवारी तूच पुढं बस, बाबा," म्हणाले आणि गेले. शेवंताला आता राहवेना.

"मी रोज तुमच्या तोंडाचा वास घेत होती जी," ती हुंदका देत म्हणाली.

"मालूम होतं मले," तो अडखळत म्हणाला. "म्हणून तं मी आल्यावर चूळ भरत नव्हतो."