उजवीकडे न टिकणारा ठिपका

श्रीरामपुरात माझं दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. आधी मोबाईल करायचो, आता बहुतेक टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोल आणि हातात धरायचे त्यांचे कंट्रोलर. इकडे असलं काय येत असेल असं लोकांना वाटतं, पण येतं. होस्टेलवरची पोरं आणतात, डॉक्टर लोक स्वतःसाठी आणून मुलांचं आहे म्हणून सांगतात, कोल्हारचा एक डाळिंबवाला बागायतदार तर दर दोन महिन्यांनी एक कंट्रोलर आपटून आणतो. तक्रार बहुधा एकच असते, स्टिक सरकते. कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या असतात, त्या स्टिक. आतला भाग झिजला की हात न लावताही गेममधला माणूस आपला आपण चालायला लागतो.

हे तपासायला मी टीव्हीवर एक पान उघडतो. एका गोलात एक ठिपका दिसतो. स्टिक ढकलाल तिकडे ठिपका जातो, सोडली की मधे येतो. गोलाच्या कडेला नेऊन धरली की ठिपका तिथेच थांबला पाहिजे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका काळ्या कंट्रोलरची उजवी स्टिक बदलून मी तो तपासत होतो. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलं होतं. वर, खाली, डावीकडे ठिपका बरोबर जात होता. उजवीकडे कडेपर्यंत जायचा आणि थरथरत आत यायचा. नवा भाग खराब निघाला असेल म्हणून मी कंट्रोलर पुन्हा उघडला, दुसरा भाग बसवला. तेच. मग कपाटातून माझा स्वतःचा, खोक्यातून नुकताच काढलेला कंट्रोलर घेतला. ठिपका उजवीकडे गेला आणि आत आला.

गिऱ्हाईक कंटाळून उठलं. "द्या इकडं," म्हणालं आणि त्याने स्टिक उजवीकडे ढकलून धरली. ठिपका कडेला चिकटून बसला. "चांगला तर हाय की ओ."

मी हसलो. कंट्रोलर पिशवीत घालून दिला. तो गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि खुर्चीत बसून माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मी कॉलेजात असताना गेले. पुणतांब्याला आमची शेती आणि चार गाई. अंगापिंडाने दणकट माणूस. त्यांचा आधी हात गेला, मग दुसरा, मग पाय, शेवटी गिळणं. सगळं अडीच वर्षांत. पुण्याच्या डॉक्टरांनी नसांचा आजार असं सांगितलं होतं, आणि यावर औषध नाही असंही सांगितलं होतं. मी चाळीस ओलांडली तेव्हापासून मनाच्या एका कोपऱ्यात ते बसलेलंच होतं. पण असं टीव्हीच्या पडद्यावर येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं.

मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. ती कोल्हारची, सरळ स्वभावाची. तिला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं, आणि दवाखान्यात जाऊन नाव ऐकायची माझी तयारी नव्हती. नाव कळेपर्यंत आजार नसतो, असं काहीतरी वेड्यासारखं मला वाटत होतं.

त्याऐवजी मी कंट्रोलर तपासत बसलो. दुकानात तीन प्रकारच्या कन्सोल आहेत. एकीच्या कंट्रोलरला दोन्ही स्टिक खाली, शेजारी शेजारी. अंगठे आत वाकवून धरावे लागतात. दुसरीचा जाडजूड, तळहात भरून बसणारा, डावी स्टिक वर आणि उजवी खाली. तिसरीचा दोन तुकड्यांत सुटतो, हलका, जवळजवळ खेळण्यासारखा. वर्षानुवर्षं मी हे फरक आवडीने सांगत आलो होतो. कुठल्याचं बटण किती खोल जातं, कुठल्याची पकड घामाने निसटते. आता मी दुसरंच काहीतरी शोधत होतो. एखादा असा कंट्रोलर, ज्याच्याबाबत दोष त्याच्या घडणीचा आहे असं म्हणता येईल.

जाडजूड कंट्रोलरवर ठिपका थोडा जास्त वेळ टिकायचा. एकदा मनात मोजले तर आठ अंक. मला एवढा आनंद झाला की त्या आठवड्यात जो येईल त्याला मी तोच घ्या म्हणून सांगितलं. बाकीच्यांची रचनाच चुकीची आहे, अंगठ्याला त्रास होतो, असं ठासून सांगायचो. लोक ऐकायचे. या गावात या विषयावर माझा शब्द चालतो. मी आजारी आहे की नाही याची परीक्षा मी लोकांच्या खरेदीतून घेत होतो, हे मला तेव्हा कळत होतं आणि तरी थांबता येत नव्हतं.

मग आठ अंकांचे पाच झाले. बारीक स्क्रू चिमट्यातून निसटायला लागले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं, जणू त्यांच्यावर कोणीतरी हातमोजा चढवला आहे. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल भाग मी दिवसातून शंभर वेळा दाबून बघायचो. डाव्या हाताचा भरलेला होता. उजव्याचा खाली बसला होता.

एका रविवारी मी पुणतांब्याला आईकडे गेलो. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी शेजारी बसून शेंगा फोडायला लागलो, डाव्या हाताने. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आई, दादांचं पहिल्यांदा कशावरून कळलं होतं?"

"धारा काढताना," ती म्हणाली. "चरवी गुडघ्यात धरून बसले हुते. मला म्हन्ले, आंगठा ऐकंना झालाय. मी म्हन्लं, गार पान्यानं झालं आसंल."

"बोटं बधिर झाली होती का त्यांची?"

"न्हाई. बधिर कुटली? पार शेवटाला सुदीक चिमटा काढला तर कळायचा त्यान्ला. निसती ताकद गेली."

म्हणजे माझी ताकदही जात होती आणि वर बधिरपणाही होता. दादांपेक्षा वाईट. मी शेंगा फोडत राहिलो. थोड्या वेळाने आई म्हणाली, "आज का इचारतो?"

"सहज."

ती माझ्या हातांकडे बघत होती. मी उजवा हात पँटच्या खिशात घातला, जे बसल्या जागी कोणी करत नाही. एरवी ओट्यावरूनच हात करणारी ती त्या दिवशी निघताना रस्त्यापर्यंत आली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सिस्टर आल्या. त्या इथल्याच एका मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या स्टाफ नर्स. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. त्यांचा मुलगा परदेशात असतो. त्याने आईला एक कन्सोल पाठवली होती, आणि दर रविवारी चर्चमधून आल्यावर मायलेक आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून गाड्यांची शर्यत खेळायचे. सिस्टरची बोटं सांध्यांत सुजलेली. आपल्या हाताला सोसेल असा कंट्रोलर त्यांना बघायचा होता, आणि जमलं तर कन्सोलही बदलायची होती, कारण आहे तिच्या मेनूत त्या हरवायच्या.

मी तिन्ही लावून दिल्या. त्या आधी मेनू बघत बसल्या. पहिलीवर सगळं एका लांब ओळीत, सरकत सरकत जायचं. दुसरीवर चौकोनच चौकोन, निम्मे जाहिरातींचे. तिसरीवर मोजके मोठे चौकोन आणि खाली सेटिंग.

"ही बरी," त्या तिसरीकडे बोट करून म्हणाल्या. "घरात शिरलं की चपला कुठं काढायच्या ते समजलं पाहिजे. त्या दुसरीत तर दारातच बाजार भरलाय."

"पण कंट्रोलर दुसरीचा घ्या," मी म्हणालो. "अंगठ्याला तोच चांगला."

त्यांनी तो जाडजूड कंट्रोलर हातात घेतला. "मला जड होतो रे. तुला का चांगला वाटतो? दाखव बरं, तू कसा धरतोस."

मी धरला. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी कंट्रोलर बाजूला ठेवला, काउंटरवरचं एक वॉरंटी कार्ड उचललं आणि माझ्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधे सरकवलं. "बोटं सरळ ठेव आणि घट्ट धर. मी ओढते."

कार्ड लगेच निघालं. दुसऱ्यांदा धरताना अंगठ्याचं टोक आपोआप वाकलं. डाव्या हातातलं कार्ड मात्र त्यांना ओढून निघालं नाही.

"किती दिवस झाले?"

मला वाटलं मी काही नाही म्हणेन. पण तोंडातून दादांचीच गोष्ट निघाली, पहिल्यापासून. माझं झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी घरी जा. आज. आणि नगरला नसांच्या डॉक्टरांकडे उद्या. मी नर्स आहे, डॉक्टर नाही. मी तुला हे आहे आणि ते नाही असं सांगणार नाही. पण तू एकट्याने सांगत बसू नकोस स्वतःला."

बायको गॅसजवळ उभी होती. तिने सगळं ऐकलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "अहो, दीड महिना तुम्ही हे घेऊन फिरताय?" ती रागावली नाही. तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नगरला गेलो. दवाखान्यात बाकावर बसलो तेव्हा समोर एक माणूस व्हीलचेअरवर होता आणि त्याची बायको त्याची लाळ पुसत होती. मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. बायको मागोमाग आली आणि माझा उजवा हात, तोच, धरून मला परत आणलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात, पाय, जीभ सगळं तपासलं. वडिलांबद्दल विचारलं. मी सांगत असताना त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि मला वाटलं, झालं. मग शेवटी, गुन्हा कबूल करावा तसं मी म्हणालो, "आणि करंगळीही बधिर आहे."

"कधीपासून?" ते पुढे झुकले. "फक्त करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट? बाकी नाही?"

"हो."

"हे आधी का नाही सांगितलंत? तुमच्या वडिलांच्या आजारात सहसा बधिरपणा येत नाही. नुसती ताकद जाते."

मला समजेना. आईचं तेच वाक्य होतं, आणि मी त्याचा उलटा अर्थ लावून दहा-बारा दिवस मेलो होतो.

"काम कसं करता ते दाखवा," डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या टेबलाशी दुकानातल्यासारखा बसलो. उजवं कोपर टेबलाच्या काठावर, हात वाकवलेला, मान भिंगाखाली असावी तशी खाली. रोज सात-आठ तास. त्यांनी कोपराच्या आतल्या हाडाशी बोटाने टिचकी मारली. करंगळीपर्यंत झिणझिणी गेली आणि मी हात झटकला.

"इथं दबली आहे नस. पण तपासणी करून घेऊ, मगच म्हणू."

तपासणीत विजेचे बारीक झटके देतात, मग सुया टोचून स्नायूंचा आवाज ऐकतात. पायात आणि पाठीतही सुया घातल्या, कारण दादांचा आजार असेल तर तिथेही सापडेल. त्या यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ होती. ती हलली की मला घाम फुटायचा. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "कोपरच. बाकी सगळं चांगलं आहे." बायकोने त्यांना तेच पुन्हा म्हणायला लावलं.

कोपराखाली जाड स्पंज घातला, काम कमी केलं, तरी तीन महिन्यांत फरक पडेना. शेवटी ऑपरेशन करून नस मोकळी केली. ज्यांना मी खोटं ठासून सांगितलं होतं त्यांतल्या तिघांना फोन करून खरं सांगितलं. सिस्टरनी तिसरी कन्सोल घेतली आणि कंट्रोलरही तिचाच. अंगठ्यामागचा खड्डा निम्मा भरला आहे. पूर्ण भरेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आणि अजूनही पोटरीत एखादी शीर उडाली की मी हातातलं काम सोडून ती थांबायची वाट बघतो.

टाके निघाल्यावर पुणतांब्याला गेलो. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्या दिशीच कळलं हुतं. तवापासनं मी तुला फोन करायला भीत हुते." मग तिने स्वतःचा हात पुढे केला. "दाब."

मी उजव्या हाताने तिचा पंजा धरून दाबला.

"आजून. मला दुकलं पायजे."

मी होतं नव्हतं ते बळ लावलं. तिने डोळे मिटले, मान हलवली आणि हात सोडवून घेतला.

"आता दुसऱ्या हातानं," ती म्हणाली.