हरकती : निरंक

परवा अमरावतीला नातीनं मोबाइलवर महापालिकेची नोटीस वाचून दाखवली. 'नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत...' मी हं म्हणालो आणि पेपर तोंडापुढे धरला. पण दोन दिवस झाले, डोकं काही गप्प बसेना. म्हणून हे लिहून टाकतो.

साठ सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. अकोला जिल्ह्यातलं एक लहान गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या नगरपालिकेत, म्हणजे लोकांच्या तोंडी 'कमेटीत', मी नुकताच टेम्पररी कारकून म्हणून चिकटलो होतो. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीतून मॅट्रिक होऊन खुर्चीवर बसलेला मी पहिलाच, त्यामुळे वस्तीला माझं भारी कौतुक.

माझी माय गवत विकायची. शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, हिरवं गवत कापायचं, भारा डोक्यावर घ्यायचा आणि सकाळी चौकात येऊन बसायचं... टांगा स्टँड तिथंच, टांगेवाले घोड्यांसाठी भारे घ्यायचे. वस्तीतल्या दहा-बारा बाया असायच्या. त्याच भाऱ्यांवर मी शिकलो.

मग कमेटीच्या मनात आलं की चौकात फार कचरा होतो. गवत आणि जळतण विकणाऱ्यांनी नाल्यापलीकडच्या मैदानात बसावं, असा बायलॉ, म्हणजे पोटनियम, करायचा ठरला. आता बायलॉ काही असाच होत नाही. आधी मसुदा जाहीर करायचा, महिनाभर लोकांच्या लेखी हरकती घ्यायच्या, त्यांच्यावर मीटिंगमध्ये विचार करायचा, मग मंजुरी. कायद्याला नाव ठेवायला जागा नाही हो...

मसुदा ऑफिसच्या बोर्डावर लागला आणि गावात दवंडी दिली. शेवटचं वाक्य होतं, कोणाची हरकत असल्यास कार्यालयात लेखी द्यावी. दवंडीवाल्यानं तेही ओरडून सांगितलं, खोटं कशाला बोलू? पण 'मनाई' हा शब्द कानी पडला आणि बायांनी पुढचं ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाताना पाहतो तर चौक रिकामा! एक बाई नाही. साऱ्याजणी नाल्यापलीकडे उन्हात भारे मांडून बसलेल्या... बायलॉ अजून झालाच नव्हता आणि यांनी तो पाळायलाही सुरुवात केली होती.

मी तसाच तिकडे पळालो. "माय, अठी काहून बसली वं? हुकूम नाही झाला अजून. तुमाले पुसून राहिले ते!"

"दवंडी झाली ना?" माय म्हणाली.

"झाली, पण पुसाले झाली."

साऱ्या बाया खो खो हसल्या. "काय बोलतं हे पोरगं! सरकार कधी डफडं वाजवून पुसते का? पुसाचं असलं तं माणूस घरी येते."

त्यांचं तरी काय चुकलं? उभ्या जन्मात डफडं वाजलं ते हुकूम सांगायलाच. साथ आली, विहिरीचं पाणी पिऊ नका... साहेब येणार, रस्ते झाडा. तुमचं म्हणणं काय, हे डफड्यानं आजवर कोणालाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी मी मायला पुन्हा नीट समजावून सांगितलं. या वेळी तिला पटलं. लगेच म्हणाली, "मंग तूच लेहून दे ना रे. आमी साऱ्या अंगठे देतो."

आणि इथं मी मागे सरलो. टेम्पररी नोकरी... सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर माझ्याच मायचा अर्ज, तोही मीच लिहिलेला! मी म्हणालो, "मी कसा लेहू? शाळेतल्या गुरुजीकडून लेहून घे."

मायनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "राहू दे बाप्पा. तुह्या नोकरीले धक्का नको." ती गुरुजींकडे गेली नाही आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. भेकड होतो. दुसरा शब्द नाही.

महिना संपला. मीटिंगच्या टिपणीत 'प्राप्त हरकती' असा रकाना होता... त्यात मी लिहिलं, निरंक. म्हणजे एकही नाही. मेंबर खूश! एकजण तर म्हणाला, "पाहा, लोकं तं आधीच तिकडे गेले. त्यांचीच इच्छा हाय." पाच मिनिटांत विषय संपला आणि चहा आला.

नाल्यापलीकडे टांगेवाला कशाला येईल? त्यांनी स्टँडजवळच्या टालावरून, म्हणजे वखारीतून, कडबा घ्यायला सुरुवात केली. एकेक बाई भारा सोडून रोजीनं निंदणाला जाऊ लागली. मायनं मात्र हट्ट सोडला नाही... दुपारपर्यंत गवत सुकायचं आणि ती भारा तसाच घरी आणायची.

काही महिन्यांनी वरून मंजुरी आली. बायलॉची प्रत मी चौकातल्या कडुलिंबाच्या बुंध्याला चिकटवत होतो, तेवढ्यात माय तिथून चालली होती, डोक्यावर न खपलेला भारा. थांबली. तिला वाचता येत नव्हतं, पण मी घरी लिहायला बसलो की ती शेजारी बसून पाहत राहायची, अक्षराचं वळण ओळखायची. वाटेनं चाललेल्या वस्तीतल्या बायांना म्हणाली, "पाहा वं, हे माह्या पोरानं लेहलं!"

मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय लेहलं रे त्याच्यात?"

"काही नाही. ऑफिसचं काम हाय," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि भारा सावरत घराकडे निघाली. मी त्याच खात्यातून पुढे पेन्शनीत निघालो, माय कधीच गेली... लोकांना विचारलं होतं, कोणी बोललंच नाही, असं कोणी म्हणालं की मी अजूनही पेपर तोंडापुढे धरतो. बोलली होती हो. मला बोलली होती.