आईचा हाकारा

इंदापूरच्या स्टँडवर तुम्ही बारा-पंधरा जण मला पोचवायला आला होता. पुण्याची एसटी लागली तरी आबा माझी बॅग सोडेनात. कंडक्टर ओरडायला लागला, तर आपल्या शेळगावच्या बायकांनी त्यालाच गप्प केलं. "पोरगी गाणं शिकाया परदेशी चाललीया, थांब की वाईच!" आईनं मला खिडकीतून एवढंच सांगितलं, "आवाज दाबू नगंस. दाबल्याला आवाज नरड्यातच सडतो."

मागे फाट्यावर तुम्ही फ्लेक्स लावलात, फेटा बांधलेला माझा फोटो टाकून. त्या फेटेवालीनं तिकडे काय दिवे लावले ते तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे लिहितेय. तुमच्यासाठी, आणि पुण्याला, दुबईला, कुठं कुठं गेलेल्या आपल्या पोरींसाठीही.

माझा गळा कुठून आला हे तुम्हाला सांगायला नको. सगळ्यांचा ऊस झाल्यावर बाजरी-ज्वारी राहिली चार तुकड्यांत, आणि अख्ख्या शिवाराची पाखरं त्या चार तुकड्यांवर तुटून पडायला लागली. मग आईला बोलावणं यायचं. गोफण कुणालाही फिरवता येते, पण आईनं मचाणावरून एक हाकारा दिला की पलीकडच्या बांधावरचा थवासुद्धा उठायचा. आबा बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात, आई दुसऱ्याच्या रानात रोजानं, आणि शाळा सुटली की मी तिच्या शेजारी मचाणावर. पोटातून ओरडायचं, नरड्यातून नाही, हे मला तिनं आठव्या वर्षी शिकवलं.

पुढं बारामतीच्या कॉलेजात गॅदरिंगला माईक बंद पडला आणि मी तशीच गायले. ते ऐकून आमच्या सरांनी मला पुण्याला, पाश्चात्त्य गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे धाडलं. चार वर्षं तिथं शिकले. त्या बाईंनी माझं रेकॉर्डिंग ऑस्ट्रियाला पाठवलं आणि ऑपेराच्या उन्हाळी शिबिरात माझी निवड झाली. ऑपेरा म्हणजे गाऊन गाऊन केलेलं नाटक, आणि तेही माईक न लावता. सहा आठवडे, राहणं-जेवण त्यांचं.

पहिल्याच सकाळी सगळ्यांना गोलात बसवून घरात कोण गातं ते सांगायला लावलं. कुणाचा आजा व्हायोलिन वाजवायचा, कुणाची आई शाळेत पियानो शिकवायची. माझी पाळी आली. मला फक्त खरं बोलायचं होतं हो. आणि मी शेण खाल्लं. म्हणाले, "माझी आई शास्त्रीय गायिका आहे." आमच्या हेल्गाबाई, म्हणजे शिबिराच्या मुख्य शिक्षिका, खूश होऊन म्हणाल्या, "तरीच!" शेवटच्या कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेतही त्यांनी ते टाकलं.

ऑगस्टात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आईचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे चार वाजून गेले होते. बाजरी दाण्यात आलेली, आई मचाणावर. हेल्गाबाई माझ्या मागून आल्या आणि फोनपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "आईंना सांग, एक ओळ तरी ऐकवा." मी मराठीत सांगितलं, "आई, बाई विचारत्यात बरी हाईस का." आई हरखली. "सांग त्यास्नी, पोरीचा गळा माझ्याकडनं आलाय. मी पाखरं राखती." मी इंग्रजीत सांगितलं, "आईचा घसा बसलाय."

तेवढ्यात थवा उतरला. आईनं फोन तसाच मचाणाच्या फळीवर टाकला आणि हाकारा दिला. स्क्रीनवर नुसतं आभाळ दिसत होतं आणि आवाज आमच्या खोलीभर. पियानोपाशी बसलेली पोरं वळून बघायला लागली. बाईंनी माझा दंड धरला. "कोण आहे ही?"

आणि मी म्हणाले, "शेतातली रोजंदार बाई आहे कुणीतरी."

बाई म्हणाल्या, "आईकडून शिकलीस ते राहू दे. आधी या बाईकडे जा शिकायला."

आई धापा टाकत परत फोनवर आली. "ऐकला का गं त्यांनी? काय म्हणाल्या?" मी म्हणाले, "चांगला हाय म्हणाल्या." त्या दिवशी आईनं अख्ख्या आळीला सांगितलं, परदेशातल्या मास्तरीणबाईंनी मला हात जोडले म्हणून. तुम्हाला आठवत असेल.

कार्यक्रम छान झाला. मला तिथंच पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, व्हिसा वाढला, मी राहिले. आता रिहर्सल, ट्राम, रूममेटच्या आधी लावलेलं वॉशिंग मशीन, असं सगळं अंगवळणी पडलंय. पण वरचा सूर लावायला तोंड उघडलं की आईच बाहेर येते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शिबिरानंतर सहा महिन्यांनी मी हेल्गाबाईंना खरं सांगून टाकलं. त्यांनी पियानोचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

दिवाळीला आले तेव्हा अंगणात मेथी निवडताना आईला सांगितलं. सगळं, तेही. वाटलं, शिव्या घालील, एखादी ठेवून देईल. तिनं जुडी पुरी केली. म्हणाली, "रोजंदार म्हणालीस, त्यात खोटं काय? रोजानंच जाती की मी." मग दुसरी जुडी घेतली आणि खालीच बघत विचारलं, "गाणारी आई पायजे हुती व्हय गं तुला?"

मी नाही म्हणाले. शंभरदा नाही म्हणाले. ती "असू दे, असू दे" करत उठली आणि चुलीकडे गेली.

आता मी फोन केला की ती आधी विचारते, "जवळ कोण हाय का गं?" मी म्हणते, "कुणी न्हाय. आन् असलं तरी वरड की आई, ऐकू दे समद्यांस्नी." ती म्हणते, "नगं बाई. तुजी मान खाली जायाची."

यंदाही ती बाजरीवर आहे. बोलता बोलता मधेच थांबते, तेव्हा मला कळतं, पाखरं उतरली. तरी ती हळू आवाजात विचारत राहते, थंडी हाय का, जेवलीस का, खोकला गेला का. फोन चालू असेपर्यंत ती ओरडत नाही. घर कसं आहे, असं इथं कुणी विचारलं की मला तेवढंच आठवतं, दबक्या आवाजात बोलणारी माझी आई आणि मागं बाजरी खाणारी पाखरं.

म्हणून हल्ली मीच फोन लवकर ठेवते. तिला ओरडता यावं म्हणून.