डाव्या बुटाचा तळ

मी शाळेत नववीच्या वर्गाला घर्षण शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची लाज वाटेल.

आमच्या गाडीची क्लचप्लेट दोनदा जळली आणि दोन्ही वेळा मी खापर बायकोवर फोडलं. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. दवाखाना माझ्या शाळेच्या पुढे आहे, त्यामुळे गाडी आम्ही दोघंही चालवायचो. पहिल्या वेळी ती म्हणाली होती, मी चालवते तेव्हा जळका वास कधीच येत नाही. त्यावर मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला आकृती काढून तिला क्लच समजावून सांगितला. आकृती फार सुबक आली होती. दुसऱ्या वेळी मी आकृतीशिवायच बोललो. तेव्हा तिने किल्ली फ्रिजवर ठेवली ती ठेवलीच, आणि बसने जाऊ लागली. सोडतो म्हटलं तरी नको म्हणायची. गाडी चालवणं तिला मनापासून आवडतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी मूग गिळून बसलो, कारण आता प्लेट टिकणार होती.

दीड वर्षात तिसरी जळली.

या वेळी कुणीतरी क्लचवाल्या काकांचा पत्ता दिला. काका फक्त क्लच आणि गिअरबॉक्सचं काम करतात. ब्रेक वाजतोय म्हणालात तर शेजारच्या शटरकडे बोट दाखवतात. वीस वर्षं ट्रक चालवून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला. मग पेडलच्या अलीकडचं काम सोडून पलीकडचं धरलं, असं ते सांगतात. स्वतःकडे गाडी नाही, सायकलने येतात. दुकानात एक खड्डा, त्यावर गाडी, आणि भिंतीच्या फळीवर ओळीने स्टीलच्या वाट्या. एका वाटीत एकाच गाडीचे नट. वाट्या घरून आणलेल्या आहेत आणि त्यावरून काकूंची अजून बोलणी खावी लागतात.

मी गेल्या गेल्या शहाणपण पाजळलं. बायकांना क्लच कसा जमत नाही, यावर चांगली पाच मिनिटं बोललो. काका स्टुलावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, जरा डावा पाय दाखवा. स्वतःचा गुडघा दुखतो म्हणून बिचाऱ्याला सगळ्यांच्या पायांची काळजी वाटत असेल, असं समजून मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

"पाय नको, बूट," काका म्हणाले.

त्यांनी दोन्ही बूट उलटे धरले. उजव्याचा तळ जवळपास नवा होता. डावा मात्र पुढच्या बाजूला झिजून गुळगुळीत झाला होता, आणि त्यावर पेडलच्या रबराच्या रेघा उठल्या होत्या.

"इंजिन फिरत असतं, चाकं उभी असतात. मधली प्लेट त्यांना जोडते, नाहीतर सोडते," काका म्हणाले. "तुम्ही सगळा रस्ता पेडलवर पाय टेकवून बसता. मग ती धड धरत नाही, धड सोडत नाही. नुसती घासत राहते."

माझ्या बोटांवरचा खडू बघून त्यांनी सहज विचारलं, सर, काय शिकवता? मी म्हणालो, इतिहास.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. घरी येताना डावा पाय मी मुद्दाम बाजूला ठेवला, तरी तो चार वेळा आपणहून पेडलवर गेला. प्रत्येक वेळी चोरी पकडल्यासारखं वाटलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, इतिहाससुद्धा. वाटलं, हसेल, निदान चिडेल तरी. तिने हातातली घडी पूर्ण केली.

"मी सांगितलं तेव्हा तुम्ही आकृती काढलीत," ती म्हणाली. "त्यांनी बूट बघितला."

मी माफी मागितली. सवय नसल्यामुळे शब्द अडखळतच बाहेर पडले. किल्ली पुढे केली, ती तिने पर्समध्ये टाकली. म्हणाली, शाळा वाटेतच आहे, सोडेन तुम्हाला, पण महिनाभर नाही. महिनाभर तुम्ही बसने जा.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढलो. बसायला जागा नव्हती. वरचा दांडा धरून पाऊण तास उभा राहिलो आणि शाळेपाशी उतरलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. बस तशीच भरलेली पुढे गेली. दवाखाना तिथून आणखी चार थांबे पुढे आहे. दीड वर्ष ती रोज घरी यायची आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, बसायला जागा मिळाली का.