रुफीनाबाईंची कोरी ओळ

आमच्या बोनेर बेटावर बुडी मारायला येणाऱ्या पाहुण्यांचा आठवडा रुफीनाबाई विन्क्लार आखून देत. कचेरीत सत्तावीस वर्षं त्यांचं टेबल माझ्या टेबलासमोर होतं. कोणत्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या कुठल्या खुणेच्या पिवळ्या दगडापाशी पाण्यात उतरायचं, हवेच्या टाक्या किती न्यायच्या, सगळं एका कागदावर. शेवटच्या दिवसाची ओळ मात्र कोरी. बुडीनंतर पूर्ण एक दिवस विमानात चढायचं नाही. रक्तात मुरलेला वायू उंचावर घात करतो. कुणी हुज्जत घातलीच तर बाई सांगत, "रिंकोन गावात जाऊन बोकडाचं कालवण खा. इथे जमिनीवरही माणसं राहतात."

स्वतः त्या कधी पाण्याखाली गेल्या नव्हत्या. निवृत्तीच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, पाहुण्यांना बुडीला नेणाऱ्या आमच्या एडसेलबरोबर उतरल्या. वर आल्या त्या बोलतच.

"अरे, ते पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा आवाज येतो! इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही मला?"

"मावशी, तुम्ही कुणाला बोलू दिलंत कधी?" एडसेल म्हणाला.

मी घड्याळ पाहिलं. "चला, दोनचं विमान आहे तुमचं."

रविवारी सकाळी शेजारच्या कुरासाव बेटावर त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा होता. बाळाचा झगा बाईंनी स्वतः शिवला होता आणि तो घेऊन त्याच जाणार होत्या.

एडसेल थबकला. "विमान? आज?"

"कुरासावचं रे. ते काय विमान झालं..." म्हणता म्हणता बाई खालीच बसल्या.

आम्ही सगळे तसंच मानतो. अर्ध्या तासाच्या आतला प्रवास, बाजाराला जावं तसे जातो. तिकीट तर मीच काढलं होतं.

"फार उंच जात नाही ते," मी चाचरत म्हणालो.

"हे मी शेकडो पाहुण्यांकडून ऐकलंय. कागद द्या. नाहीतर उद्या झग्याशिवाय नात चर्चच्या दारात अडायची."

त्यांनी लिहिलं: दुपारी बारा, एडसेलच्या मामाची होडी, वारा पाठीशी.

"मावशी, तुम्हाला तर धक्क्यावरही मळमळतं," एडसेल म्हणाला.

"मग लिंबं आण."

बंदरावरचे कागद मी धावपळ करून उरकले. झगा त्यांनी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरला होता.

संध्याकाळी फोन आला. आवाज पार गेला होता.

"पोचले. वाटभर ओकत होते. झगा कोरडा आहे."