पदरचे दोन शब्द

चावीताईचं खरं नाव तिच्या ऑफिसच्या पाटीवर होतं, पण ते वाचतंय कोण? घरांच्या खरेदी-विक्रीचं तिचं काम. पर्समध्ये कायम दुसऱ्यांच्या घरांच्या चाव्यांचा हा एवढा जुडगा. ती जिना चढू लागली की आधी जुडगा ऐकू यायचा, मग ती दिसायची. म्हणून चावीताई.

या धंद्यात निरोप न्यावे लागतात. विकणारा फणकाऱ्यानं म्हणणार, "त्या माणसाला म्हणावं, एवढ्या पैशात कोंबड्यांचं खुराडं मिळेल." हे जसंच्या तसं पोचवलं की सौदा तिथेच बोंबलला. मग चावीताई घेणाऱ्याला सांगायची, "त्यांचा फार जीव आहे हो त्या घरावर. तुम्ही थोडं पुढे सरका." दोन शब्द गाळायचे, दोन पदरचे घालायचे. त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर वीस वर्षं कुणाचं काही बिघडलंही नाही.

तिचं दुखणं वेगळंच होतं. तिला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. लोक घर घेऊन मोकळे होत, पण हिला मोकळं सोडत नसत. नळ गळतोय, वरचे लोक खुर्च्या ओढतात, मुलगा अभ्यासाला बसत नाही. आता मुलाच्या अभ्यासाचं आणि हिचं काय देणंघेणं? पण ही ताटावरून उठून ऐकणार. नवरा बिचारा काही बोलायचा नाही, तिच्या ताटावर दुसरं ताट पालथं घालून ठेवायचा. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"घरं विकतेस की लोकांचे संसार सांभाळतेस?" त्या विचारायच्या.

"गिऱ्हाईक आहे हो आई. तोडून कसं बोलायचं?"

"तोडून नको बोलूस. पण आपली हद्द ओळखून बोल."

अशात तिच्याकडे त्या दोघी बहिणी आल्या. म्हणजे एकत्र नाही, वेगवेगळ्या आल्या, आणि तिथेच सगळी गोम होती. थोरली शाळेत मुख्याध्यापिका, धाकटीचं केस कापायचं छोटंसं दुकान. दोघीही एकट्या. आई गेली आणि तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दोघींच्या नावावर आला. आई शेवटची आजारी होती तेव्हा थोरलीनं धाकटीला कळवलं नव्हतं; उगाच धावपळ नको म्हणे. धाकटी पोचली तोवर सगळं आटोपलेलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. फ्लॅट विकायचा एवढं मात्र दोघींना मान्य होतं, आणि तेही चावीताईमार्फत; घराची आणि आईच्या कपाटाची चावीही तिच्याच जुडग्यात अडकली.

एक दिवस थोरलीचा फोन आला. "तिला सांगा, शनिवारपर्यंत आईचं कपाट रिकामं कर. नाहीतर मी भंगारवाल्याला देईन."

चावीताईनं धाकटीला फोन लावला आणि तोंडातून सवयीनं भलतंच निघालं. "बाई म्हणत होत्या, आईचं कपाट आहे, तुमच्याशिवाय उघडायला हात धजत नाही."

पलीकडे कात्रीची कचकच थांबली. मग धाकटी म्हणाली, "मला त्यातलं काहीएक नको."

हे थोरलीकडे पोचलं ते असं: "त्या म्हणाल्या, काय ठेवायचं ते ताईनंच ठरवावं. आईचं ताईइतकं कुणी केलंय?"

झालं. सुरू झालं ते सुरूच झालं. आज पंख्याचं निमित्त, उद्या खिडकीच्या गजांचं. थोरली विचारायची, "आणखी काही म्हणाली का?" धाकटी दुकानातली कात्री खाली ठेवून विचारायची, "आज काय म्हणतेय ताई?" चावीताई बरंच काही सांगायची. कडू काढून टाकायचं, गोड घालायचं. दोघींचे आवाज मऊ होत चालले होते, आणि तिला मनातून फार बरं वाटत होतं. घर बघून गेलेलं एक तरुण जोडपं करारासाठी थांबलं होतं, त्याचाही तिला विसर पडला.

मग एका संध्याकाळी, पहिला घास हातात असताना, थोरलीचा फोन आला.

"तिला विचारा," बाई म्हणाल्या, आणि आवाज अजिबात शाळेतला नव्हता, "माझ्याबरोबर आईच्या घरात राहायला येईल का म्हणून. मीही एकटी, तीही एकटी. तिच्या मनात एवढी माया आहे, तर घर विकायचं कशाला?"

चावीताईचा घास हातातच राहिला. ही माया धाकटीची नव्हती, तिच्या पदरची होती. धाकटीनं बहिणीबद्दल एकही गोड शब्द काढलेला नव्हता, आणि इकडे ही बाई त्या न बोललेल्या शब्दांवर संसार मांडायला निघाली होती. चावीताईला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. सासूबाईंना सगळं सांगताना तिला रडूच आलं.

"आता काय करू?"

"काय म्हणजे? निस्तर. आणि आधी ते निरोप नेणं सोड."

"मी सोडलं तर त्या एकमेकींशी बोलणारच नाहीत, आई."

"नाही बोलल्या तर नाही. ते त्यांचं न बोलणं असेल. आत्ता जे चाललंय ते तुझं बोलणं आहे." मग सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट करायला गेली नव्हतीस गं. पण हे काम तुझं नव्हे."

दुसऱ्या दिवशी तिनं दोघींना आईच्या घरी बोलावलं. निरोप मी नेणार नाही, काय ते समोर बसून सांगते, म्हणाली. थोरली साडीची घडी न मोडता आईच्या पलंगावर बसली. धाकटी खिडकीशी उभी राहिली, गजाला धरून. चावीताईनं जुडगा मुठीत आवळला आणि सांगून टाकलं. कपाटाचं वाक्य माझं. ताईनंच ठरवावं, तेही माझं. तब्येतीची चौकशी, औषधं वेळेवर घे म्हणणं, सगळं माझंच.

धाकटीनं मान वळवली नाही. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "'हात धजत नाही' असं ताई बोलेल का? ताई म्हणते, रिकामं कर."

"मग रोज फोन का उचलायचात?"

"ऐकायला बरं वाटायचं म्हणून."

थोरलीच्या मनात मात्र अशी शंकाही आली नव्हती. साऱ्या शाळेला धाकात ठेवणाऱ्या या बाईनं शब्दन् शब्द खरा मानला होता. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं कसं हेही तिला सुचेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मला खरंच वाटलं."

चावीताईनं तोंड उघडलं. जिभेवर वाक्य तयार होतं. अगदी नेमकं, दोघींनाही जवळ आणणारं. तिनं ते गिळलं. वीस वर्षांत एवढं अवघड काम तिनं केलं नव्हतं.

थोरलीनं पदरानं डोळे टिपले आणि चावीताईकडे बघत म्हणाली, "तिला विचारा, कपाट उघडायचं का आता."

धाकटी हाताच्या अंतरावर उभी होती.

"तुम्हीच विचारा, बाई," चावीताई म्हणाली. "मी बाहेर आहे."

दार ओढून घेऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली. चाव्या वाजू नयेत म्हणून जुडगा मांडीवर धरला. घर विकायचं की राहायचं, बोलायचं की नाही, ते त्या दोघींचं होतं. आत सगळं शांत होतं. ती शांतता तिला ऐकवेना, पण ती उठली नाही. फोन वाजला, नळवाल्या गिऱ्हाइकाचा होता. तिनं तो बंद करून ठेवला.

मग आतून थोरलीचा आवाज आला, घसा साफ केल्यासारखा. "मी तुला बोलवायला हवं होतं." त्यावर धाकटी रडत रडत काहीतरी म्हणाली, ते चावीताईला कळलं नाही. कळून घ्यायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. धाकटी बाहेर आली. नाक लाल झालेलं, केस विस्कटलेले.

"ताई कपाटाची चावी मागतेय," ती म्हणाली. "आणि म्हणतेय, तुम्ही आता घरी जा, दिवसभर दमलात, वेळेवर जेवा."

चावीताई बघतच राहिली. "असं म्हणाल्या बाई?"

"'त्यांना जायला सांग' म्हणाली," धाकटी म्हणाली. "बाकीचं माझ्या पदरचं."

चावीताईनं जुडग्यातून कपाटाची चावी सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली.